जुन्या लॅपटॉपला इंटेल 7260 : सीताबर्डीत बसवून घेतलेल्या वायफाय कार्डाचे परीक्षण

इंटेलचे ‘ड्युअल बँड वायरलेस-एसी 7260’ हे लॅपटॉपच्या आत बसणारे वायफाय कार्ड 2013 साली बाजारात आले. संगणकाच्या दुनियेत एवढे वय म्हणजे पेन्शनीचेच. तरीही दहा-बारा वर्षांपूर्वीचा, अंगाने धडधाकट पण वायफायच्या बाबतीत मागे पडलेला लॅपटॉप ज्यांच्या घरी आहे, त्यांनी कोणते कार्ड घ्यावे असे विचारल्यास मी विनासंकोच याच कार्डाचे नाव घेईन. मात्र या शिफारशीला दोन अटी आहेत. आपल्या लॅपटॉपमधील स्लॉट (कार्ड बसण्याची खाच) कोणता आहे हे आधी पाहून घ्यावे, आणि हाती येणाऱ्या कार्डावरील क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा. या परीक्षणात कार्डाचा विचार आहे, तसाच ते नागपूरच्या सीताबर्डीतील ज्या लहानशा दुरुस्ती-काउंटरवर बसवून घेतले त्या सेवेचाही आहे.

हा प्रश्न सध्या अनेक घरांत एकाच वेळी उभा राहिला आहे. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर असावा लागतो. त्यामुळे 2011 ते 2014 च्या दरम्यान घेतलेले, विशेषतः कार्यालयीन श्रेणीतील भक्कम लॅपटॉप आता लिनक्स या मोफत कार्यप्रणालीकडे वळू लागले आहेत. एसएसडी बसवली आणि रॅम आठ जीबी केली की त्यांवर लिनक्स मिंट हे तिचे वितरण (तयार आवृत्ती) अगदी सुरळीत चालते; पण घरातील फायबर कनेक्शन शंभर एमबीपीएसचे असताना पडद्यावर मात्र वीस-पंचवीसच्या पुढे आकडा जात नाही, आणि मग दोष प्रोसेसरच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात नव्याण्णव टक्के वेळा खोळंबा त्या इवल्याशा कार्डापाशी असतो, असे म्हटले तर ते थोडे अतिशयोक्तीचे होईल, पण फारसे नाही.

माझ्या भाचीकडे जो लॅपटॉप आला तो याच वर्गातील, सँडी ब्रिज पिढीच्या कोअर आय-5 चा, 2011 सालचा. तो कोणत्या कंपनीचा आहे याला येथे महत्त्व नाही, म्हणून नाव देत नाही. त्यात मुळातले कार्ड 802.11एन प्रकारचे (वायफायची ‘एन’ ही आधीची पिढी, ‘एसी’ ही तिच्यानंतरची), 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी, म्हणजे बँडपैकी, केवळ 2.4 वर चालणारे आणि एकाच प्रवाहाचे, म्हणजे एका वेळी माहितीची एकच धार वाहून नेणारे होते. अशा कार्डाची कागदावरची कमाल गती 150 एमबीपीएस असते. परंतु ती 40 मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल मिळाला तरच. नागपूरच्या महाल भागासारख्या दाट वस्तीत, जिथे एका खोलीत बसून शेजारच्या पंधरा-वीस घरांचे वायफाय यादीत दिसतात, तिथे राउटर नाइलाजाने 20 मेगाहर्ट्झवर येतो आणि तीच कमाल गती 72 एमबीपीएसवर उतरते. त्यातला सुमारे निम्माच भाग प्रत्यक्ष माहितीच्या वाट्याला येतो, आणि त्यातही शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. त्यामुळे संध्याकाळी सात ते दहा या वेळेत ऑनलाइन तास भरला की चित्र थांबते आणि आवाज तुटतो, यात नवल काही नाही.

यावर बाजारात पहिल्यांदा सुचवला जाणारा उपाय म्हणजे यूएसबी डोंगल, बाहेरून पोर्टात खोचायचे छोटे वायफाय उपकरण. एका दुकानात तर लॅपटॉपची पिशवी उघडण्यापूर्वीच काचेवर डोंगलचे खोके ठेवले गेले. डोंगलला माझा सरसकट विरोध नाही. ज्याचा स्लॉटच निकामी झाला आहे किंवा ज्याला लॅपटॉप उघडायचा नाही त्याच्यासाठी तो उपयोगी आहे. परंतु 2011 च्या सुमाराच्या अनेक लॅपटॉपमध्ये यूएसबी 3.0 चे पोर्ट नसते. यूएसबी 2.0 ची सैद्धांतिक मर्यादा 480 एमबीपीएस आहे आणि प्रत्यक्षात ती बरीच कमी भरते. तेव्हा खोक्यावर ‘एसी1300’ असे ठळक छापलेले डोंगल त्या पोर्टात लावून 1300 ची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ज्यांच्याकडे यूएसबी 3.0 आहे त्यांच्यापुढे वेगळीच अडचण येते: हे पोर्ट आणि त्यांना जोडलेली उपकरणे 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास विद्युतगोंगाट निर्माण करतात, हे इंटेलनेच 2012 साली एका टिपणात मांडले होते. शेजारच्या पोर्टात पोर्टेबल हार्ड डिस्क लावली की डोंगलचा सिग्नल मंदावतो, त्याचे एक कारण हेही असू शकते.

अँटेनाचा मुद्दा तर याहून महत्त्वाचा आहे. लॅपटॉपच्या वायफायच्या अँटेना बहुधा पडद्याच्या वरच्या कडेला, झाकणाच्या आत बसवलेल्या असतात आणि तेथून बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. म्हणजे उंचीवरच्या, एकमेकींपासून हातभर नाही तरी वीतभर अंतरावरच्या दोन अँटेना आपल्याकडे फुकट आहेत. नखाएवढ्या डोंगलमधील अँटेना मांडीच्या पातळीवर, यंत्राच्या अगदी कुशीत असते. दुरुस्ती-काउंटरवरचा मुलगा हेच त्याच्या भाषेत म्हणाला, “भाऊ, वर दोन-दोन अँटिना रिकामे बसून राहिले न, मग बाहेरून शेपूट कायले लावता?” एवढ्या एका वाक्यावर मी दुसऱ्या दुकानातील डोंगलचा विचार सोडून दिला.

आता कार्डाच्या क्रमांकाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पैसे वाया जातात ते इथेच. या काळातील लॅपटॉपमध्ये ‘मिनी पीसीआय एक्स्प्रेस’ (पुढे थोडक्यात ‘मिनी पीसीआय’) स्लॉट असतो. त्यात दोन आकार येतात: पूर्ण कार्ड साधारण 30 बाय 51 मिलिमीटरचे, आणि अर्धे, म्हणजे ‘हाफ मिनी’, 30 बाय सुमारे 27 मिलिमीटरचे. त्यानंतरच्या, साधारणपणे 2014 पासूनच्या यंत्रांत हळूहळू एम.2 स्लॉट आला. त्याचे वायफाय कार्ड 22 बाय 30 मिलिमीटरचे असते आणि ते मिनी पीसीआय स्लॉटमध्ये सरळ बसत नाही. इंटेलचे 7260 या दोन्ही रूपांत निघाले. मिनी पीसीआयचे रूप ‘7260एचएमडब्ल्यू’ आणि एम.2 चे ‘7260एनजीडब्ल्यू’ असे ओळखले जाते. जुन्या लॅपटॉपसाठी एचएमडब्ल्यूच हवे. दुकानदाराने केवळ ‘7260 आहे’ असे सांगितले म्हणून घेऊ नये.

दुसरी मेख याहून बारीक आहे. 7260 या एकाच क्रमांकाखाली इंटेलने तीन वेगवेगळी कार्डे विकली: ड्युअल बँड एसी, ड्युअल बँड एन, आणि केवळ 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारे एन. दिसायला ती जुळ्या भावंडांसारखी असतात. ‘एचएमडब्ल्यू’च्या पुढे ‘बीएन’ अक्षरे असतील तर ते एकाच बँडचे, ‘एएन’ असतील तर दोन बँडचे पण एसी नसलेले, आणि काहीच अक्षरे नसतील तर ते आपल्याला हवे असलेले एसी कार्ड. मी पाहत असताना त्या काउंटरच्या खणातून निघालेल्या चार-पाच कार्डांत ‘बीएन’ही होते, आणि दुकानदाराने ते स्वतःहून बाजूला काढले, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. कार्ड बसवल्यावर त्यातील चिप कोणत्या कंपनीची आहे याची खात्री करायची असल्यास लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय -एनएन’ (lspci -nn) ही आज्ञा चालवावी आणि विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या तपशिलात हार्डवेअर आयडी पाहावा. तेथे उत्पादकाचा सांकेतिक क्रमांक येतो: 8086 म्हणजे इंटेल, 168सी म्हणजे अथेरॉस, 14ई4 म्हणजे ब्रॉडकॉम आणि 10ईसी म्हणजे रिअलटेक. खोक्यावर काय छापले आहे यापेक्षा हा क्रमांक अधिक विश्वासार्ह असतो. डोंगलच्या बाबतीतही तेच. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन722एन या लोकप्रिय डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती आणि पुढच्या आवृत्त्यांत रिअलटेकची आली. नाव तेच राहिले, लिनक्सवरील वागणूक बदलली.

सीताबर्डीच्या त्या काउंटरवर जाण्यासाठी मेट्रोने इंटरचेंज स्थानकावर उतरणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, कारण मेन रोडच्या आसपास गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्या वेळात कार्ड बसवून होते. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. पुढे काचेचा काउंटर, मागे लॅपटॉपच्या सांगाड्यांची चवड, आणि खणात जुन्या यंत्रांतून काढलेली कार्डे लहान पारदर्शक पिशव्यांत. प्रत्येक पिशवीवर स्लॉटचा प्रकार आणि चिपचे नाव पेनाने लिहिलेले होते. ही शिस्त मला नवीन चकचकीत दुकानांतही क्वचितच दिसली.

प्रत्यक्ष काम पाहण्यासारखे होते. चार्जर आधी काढला, मग बॅटरी काढली, आणि उरलेला विद्युतभार निघून जावा म्हणून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरले. तळाचे झाकण उघडल्यावर कार्ड समोरच दिसले. त्यावर अँटेनाच्या दोन तारा होत्या, एक पांढरी आणि एक काळी, आणि प्रत्येकीच्या टोकाला मोहरीच्या दाण्याहून थोडे मोठे पितळी टोपण. हे टोपण उपसताना घाई करून चालत नाही. या प्रकारच्या जोडणीचे आयुष्य उत्पादकाच्या हिशेबाने सुमारे तीस वेळा काढ-घाल करण्याइतकेच असते, आणि तार वाकडी ओढली तर ते एका फटक्यातही संपते. कारागिराने प्लास्टिकची पातळ पट्टी टोपणाखाली सरकवून ते सरळ वर उचलले; तारेला हात लावला नाही. दोन बारीक स्क्रू सुटताच कार्ड आपोआप तिरपे वर आले. नवे कार्ड त्याच तिरक्या कोनात आत सरकवून खाली दाबले, स्क्रू लावले, आणि मग टोपण अगदी बरोबर मध्यावर ठेवून अंगठ्याच्या नखाने दाबले. तेव्हा ‘टिक्’ असा स्पष्ट आवाज येतो. तो आला नाही तर तार बसलेली नाही असे खुशाल समजावे. पांढरी तार मुख्य जोडाला आणि काळी दुय्यम जोडाला, ही सर्वसाधारण पद्धत आहे; कार्डावर त्यासाठी 1 आणि 2 असे आकडे किंवा लहान त्रिकोण छापलेले असतात.

एकच उणीव दिसली. मनगटाला लावायचा स्थिरविद्युतरोधक पट्टा त्याने वापरला नाही. धातूच्या टेबलाला हात टेकवून काम सुरू केले. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात, स्वेटर अंगात असताना, हा निष्काळजीपणा महागात पडू शकतो. सुदैवाने आम्ही गेलो तेव्हा हवेत पावसाचा ओलावा होता.

लॅपटॉप सुरू केल्यावर यंत्राने कार्ड ओळखले, यादीत त्याचे नावही आले, पण एकही नेटवर्क दिसेना. येथे अनेक जण कार्ड खराब आहे असे समजून परत करतात. या लॅपटॉपच्या उजव्या कडेला वायरलेस बंद-चालू करण्याचा एक सरकता खटका आहे, आणि पिशवीतून काढताना तो सरकला होता. लिनक्समध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दिली की दोन ओळी दिसतात: सॉफ्ट ब्लॉक आणि हार्ड ब्लॉक. सॉफ्ट ब्लॉक आज्ञेने उठवता येतो. हार्ड ब्लॉक मात्र खटक्याचा असतो आणि तो खटक्यानेच उठतो. हा खटका स्लॉटमधील विसाव्या पिनमार्फत कार्डाला ‘बंद राहा’ असा संकेत देतो. ज्यांच्या लॅपटॉपचा खटकाच मोडला आहे ते त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (विद्युतरोधक चिकटपट्टीची) अतिबारीक पट्टी चिकटवून तो संकेत तोडतात. उपाय खरा आहे, परंतु या स्लॉटच्या पिनांमधील अंतर जेमतेम 0.8 मिलिमीटर असते; भिंग आणि स्थिर हात नसेल तर हे काम कारागिराकडेच द्यावे.

खटका सरकवल्यावर लिनक्स मिंटने पुढे काहीही विचारले नाही. इंटेलच्या या कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर), आयडब्ल्यूएल-वायफाय, लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे, आणि त्याला लागणारी फर्मवेअरची (कार्डाच्या चिपमध्ये चालणाऱ्या आज्ञावलीची) फाइल मिंट आणि उबंटू या वितरणांबरोबर आपोआप येते. डेबियन या आणखी एका वितरणाने ही सोय आपल्या इन्स्टॉलरमध्ये 2023 च्या बाराव्या आवृत्तीपासून दिली. याउलट ब्रॉडकॉमच्या अनेक जुन्या चिपांची फर्मवेअर वितरणाबरोबर देण्याची मुभा नसल्यामुळे ती वेगळी उतरवून घ्यावी लागते, आणि मग पेच पडतो: वायफाय चालू करण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी वायफाय. ज्यांच्याकडे तसे कार्ड आहे त्यांनी लगेच नवे कार्ड घेण्याची गरज नाही. मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडून फोनमधील यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट केबलने देण्याची सोय) चालू करावे. लिनक्स ते तारेचे नेटवर्क म्हणून तत्काळ ओळखते, आणि मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून किंवा पॅकेज बसवून काम पूर्ण होते. लॅनची केबल असेल तर आणखीच सोपे.

गतीचा फरक पहिल्याच संध्याकाळी दिसला. राउटर ज्या खोलीत आहे तेथे 5 गिगाहर्ट्झवर जोडणी 867 एमबीपीएसची दाखवते, आणि ती या कार्डाची कमाल आहे: दोन प्रवाह, प्रत्येकी 433, चॅनेलची रुंदी 80 मेगाहर्ट्झ. शंभर एमबीपीएसच्या फायबर योजनेत अर्थातच नव्वदच्या पुढेमागे आकडा थांबतो, कारण आता अडथळा योजनेचा आहे, कार्डाचा नाही. लॅपटॉपच्या स्लॉटचीही चिंता नको. त्या काळच्या स्लॉटची एकच मार्गिका आणि पहिल्या पिढीची गती धरली तरी ती दोन गिगाबिट प्रतिसेकंद सहज वाहून नेते. माझ्या दृष्टीने गतीपेक्षा मोठा लाभ स्थिरतेचा आहे. शेजारच्या घरांची गर्दी 2.4 वरच राहिली आणि 5 गिगाहर्ट्झवर मैदान जवळजवळ मोकळे मिळाले. भारतात 5 गिगाहर्ट्झचा मोठा भाग घरात आणि घराबाहेर विनापरवाना वापरासाठी खुला झाला तो ऑक्टोबर 2018 मध्ये. आपल्याकडच्या अनेक जुन्या राउटरांत हा बँड नसतो. कार्ड घेण्यापूर्वी राउटरच्या तळाचे लेबल वाचावे. राउटर एकाच बँडचा असेल तर या कार्डाचा अर्धा उपयोग वाया जातो.

मात्र महालातील जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी विटांच्या भिंतींपुढे 5 गिगाहर्ट्झचे फारसे चालत नाही. मधली एक भिंत ओलांडली की सिग्नल उतरतो, दुसऱ्या भिंतीपलीकडे कार्ड स्वतःहून 2.4 वर येते. तेथेही दोन प्रवाहांमुळे जुन्या कार्डापेक्षा बरी गती मिळते, पण ‘ड्युअल बँड’ म्हटले म्हणजे घरभर वेग, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. उन्हाळ्यात आणखी एक अडथळा उभा राहतो, आणि तो आपल्याकडचाच आहे: खिडकीतला पत्र्याचा कूलर. राउटर आणि अभ्यासाचे टेबल यांच्या मधल्या रेषेत तो भलामोठा लोखंडी डबा आणि पाण्याने भिजलेली खस आली, की धातू लहरींना परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. मे महिन्यात पारा 45 वर गेल्यावर कूलर काढा असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. राउटर कपाटावर, कूलरच्या उंचीच्या वर ठेवला की बरेच काम होते.

राउटरच्या मांडणीतही दोन गोष्टी तपासाव्यात. 2.4 चा चॅनेल ‘ऑटो’वर ठेवला असेल आणि राउटर 12 किंवा 13 वर गेला, तर परदेशी यंत्रांतून निघालेली काही कार्डे ते नेटवर्क दाखवतच नाहीत, म्हणून 1, 6 किंवा 11 पैकी एक हाताने निवडावा. 5 गिगाहर्ट्झसाठी 36 हा चॅनेल जुन्या कार्डांना सोयीचा पडतो, कारण 52 पासून पुढच्या अनेक चॅनेलवर रडारला वाट देण्याचे नियम लागू असतात आणि तेथील नेटवर्क सापडायला कार्डाला अधिक वेळ लागतो. वायफायची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए3 या नव्या पद्धतीवर ठेवली असेल तर घरातील जुन्या उपकरणांची पंचाईत होते. डब्ल्यूपीए2 आणि 3 चा मिश्र पर्याय ठेवावा. लॅपटॉप केवळ वाचनासाठी उघडा असताना एखादे पान उघडायला क्षणभर विलंब वाटत असेल, तर नेटवर्क मॅनेजरच्या मांडणीत वायफायची वीजबचत बंद करावी. बॅटरीचा थोडा तोटा होतो, पण बहुतेक जुने लॅपटॉप नाहीतरी चार्जरवरच चालतात.

ब्लूटूथबाबत मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. या कार्डात ब्लूटूथ 4.0 आहे, परंतु मिनी पीसीआय स्लॉटमध्ये वायफाय पीसीआयच्या तारांवरून चालते आणि ब्लूटूथ यूएसबीच्या तारांवरून. लॅपटॉप बनवताना त्या स्लॉटला यूएसबीच्या तारा दिल्याच नसतील, तर कार्ड कितीही चांगले असले तरी ब्लूटूथ दिसणार नाही. आमच्या लॅपटॉपमध्ये नेमके तेच झाले. काउंटरवरच्या मुलाने हे आधीच सांगितले होते, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. हेडफोनसाठी तारेचा जॅक आहेच.

आता सर्वांत महत्त्वाचा इशारा. काही कंपन्यांच्या त्या काळातील लॅपटॉपमध्ये बायोसमध्येच (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीत) मान्य कार्डांची यादी असते, आणि त्या यादीबाहेरचे कार्ड बसवले तर यंत्र सुरूच होत नाही. लेनोवोच्या थिंकपॅड एक्स220 आणि टी420 यांवर अशा वेळी 1802 क्रमांकाचा संदेश येतो. एचपीच्या अनेक यंत्रांवर 104 क्रमांकाचा, ‘अनसपोर्टेड वायरलेस नेटवर्क डिव्हाइस’ असा. कार्ड काढले की लॅपटॉप पुन्हा पूर्ववत सुरू होतो, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण खरेदी फुकट जाते. अशा यंत्रांसाठी त्या कंपनीनेच विकलेल्या भाग-क्रमांकाचे कार्ड शोधणे हा सरळ मार्ग आहे. बदललेले बायोस घालून यादी उठवणारेही आहेत. तो मार्ग अडला तर लॅपटॉपच गमावण्याची वेळ येते, म्हणून घरच्या एकुलत्या एका यंत्रावर तो प्रयोग करू नये. चांगला दुकानदार मॉडेल ऐकताच हा प्रश्न उपस्थित करतो, आणि माझ्या मते दुकान पारखण्याची हीच कसोटी आहे. डोंगल पुढे सरकवणाऱ्या दुकानात कोणी मॉडेलही विचारले नव्हते.

पर्यायांचा विचार केला तर अथेरॉसचे एआर5बी22, म्हणजे एआर9462 चिपचे कार्ड, मला दुसऱ्या क्रमांकाचे वाटते. त्यात एसी नाही, गती 300 एमबीपीएसपर्यंतच, पण दोन्ही बँड आहेत आणि त्याच्या एटीएच9के या ड्रायव्हरला वायफायसाठी वेगळ्या फर्मवेअरची गरजच पडत नाही. ज्यांना मोकळ्या सॉफ्टवेअरचा आग्रह आहे त्यांनी तेच घ्यावे. नव्या वायफाय 6 च्या एएक्स200 किंवा एएक्स210 कार्डांचा मोह मात्र अशा लॅपटॉपसाठी टाळावा. ती मुळात एम.2 ची असल्याने अडॅप्टर लावून किंवा तिसऱ्याच कोणी मिनी पीसीआयच्या रूपात बांधलेली घ्यावी लागतात, अडॅप्टरमुळे उंची वाढून झाकण नीट बसत नाही, आणि त्यांचे ड्रायव्हर विंडोज 10 पासूनच मिळतात. एएक्स201 तर जुन्या यंत्रात चालतच नाही, कारण त्याचा अर्धा भाग नव्या प्रोसेसरांच्या चिपसेटमध्ये असतो. 7260 चे ड्रायव्हर विंडोज 7 साठीही आहेत, त्यामुळे जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी कोणी अजून विंडोज 7 धरून बसले असेल तर त्यांचीही सोय होते. मात्र त्या प्रणालीचा पाठिंबा जानेवारी 2020 मध्येच संपला आहे, तेव्हा तिला बँकेच्या व्यवहारांपासून दूर ठेवावे.

खर्च सांगायचा तर वापरलेले कार्ड आणि बसवण्याची मजुरी मिळून रक्कम हजार रुपयांच्या आत राहिली. जुने कार्ड दुकानदाराने न मागता परत दिले. हमी तोंडी देण्याची पद्धत तेथे आहे; मी आग्रह धरला तेव्हा पावतीवर कार्डाचा क्रमांक, तारीख आणि ‘महिनाभरात बदलून मिळेल’ एवढे लिहून मिळाले. जाताना चार्जर बरोबर न्यावा, कारण कार्ड बसल्यावर दुकानातच दोन्ही बँडवर जोडून पाहता येते आणि जुन्या बॅटरीचा भरवसा नसतो. भाचीच्या वसतिगृहात वायफाय वापरण्यासाठी लॅपटॉपचा मॅक पत्ता, म्हणजे वायफाय कार्डाचा ओळख-क्रमांक, नोंदवावा लागतो. कार्ड बदलले की तो पत्ताही बदलतो, म्हणून नवा पत्ता कार्डाच्या लेबलवरून काउंटरवरच फोटो काढून घेतला आणि तो वसतिगृहाच्या कार्यालयात देऊन नोंद बदलून घेतली.